ब्रश ज्याच्या हाती

लग्नसराईत नवरीचा मेकअप करताना एक गोष्ट रोज दिसते, आणि रोज दिसत असल्यामुळेच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. नवरी खुर्चीत बसते, डोळे मिटते, सांगितलं की ओठ पुढे करते, सांगितलं की वर बघते. चेहऱ्याला काय लागतंय हे ती सहसा विचारत नाही. विचारलंच तर ब्रँडचं नाव विचारते, आणि ते ऐकून तिचं समाधान होतं. तिने लेबल वाचायचं ठरवलं तरी वाचायला समोर लेबल नसतं. लिपस्टिकच्या कांड्यांमधला रंग स्पॅच्युलाने काढून पॅलेटच्या खणांत भरलेला असतो, फाउंडेशन स्टीलच्या पाटीवर ओतलेलं असतं, खोकी दुकानातून आणल्याच्या दिवशीच कचऱ्यात गेलेली असतात. म्हणून प्राण्यांचा छळ न करता बनवलेल्या प्रसाधनांचा विषय निघतो तेव्हा ‘ज्याची त्याची आवड’ हे आमच्या व्यवसायातलं ठरलेलं उत्तर मला पटत नाही. घरी स्वतःसाठी क्रीम विकत घेणाऱ्या बाईला ते लागू पडेल. आमच्याकडे आवड एकाची असते आणि चेहरा दुसऱ्याचा. जो दुसऱ्यासाठी निवडतो, त्याने निवडलेल्या वस्तूची पूर्ण माहिती ठेवणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. रंगसंगती जमणं, बेस न फुटणं, काजळ न पसरणं हा जसा कामाचा भाग आहे, तसाच.

महाराष्ट्रात तर हे फार ठळकपणे जाणवतं. माळकरी घरातली मुलगी अंड्याचा केकसुद्धा खात नाही, जैन घरातली मुलगी कांदा-बटाटाही वर्ज्य मानते, आणि लग्नाच्या दिवशी दोघींच्याही ओठांवर किड्यांपासून काढलेला लाल रंग असू शकतो. कार्माइन हे त्या रंगाचं नाव. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्याच्या माद्या गोळा करून, उन्हात किंवा वाफेवर मारून, वाळवून हा रंग काढतात. पेरू हा त्याचा सर्वांत मोठा उत्पादक देश. किलोभर रंगासाठी लाखाच्या वर किडे लागतात. लिपस्टिकच्या खोक्यावर याची खूण म्हणजे ‘सीआय ७५४७०’ एवढा बारीक अक्षरातला आकडा. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी खूण शोधायची सवय आपल्याला या शतकाच्या सुरुवातीपासून लागली आहे. जेवताना, पाणी पिताना, बोलताना थोडी थोडी पोटात जाणाऱ्या लिपस्टिकवर मात्र असा ठिपका सक्तीचा नाही. प्रसाधनांवरही ठिपका असावा म्हणून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे आदेश ग्राहकाच्या बाजूने लागला, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आज ठिपका लावायचा की नाही हे उत्पादकाच्या मर्जीवर आहे. कायद्याने जी माहिती ग्राहकाच्या डोळ्यांसमोर आणलेली नाही, ती तिच्यापर्यंत पोहोचवू शकेल असा एकच माणूस उरतो, आणि तो म्हणजे तिच्यासमोर ब्रश घेऊन उभा असलेला.

घटक हा एक भाग झाला. चाचणी हा त्याहून गंभीर भाग आहे, कारण तिथे छळ जाणूनबुजून केलेला असतो. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्या रंगवण्याचं ‘लॅश ल्युअर’ नावाचं उत्पादन विकलं जात होतं. त्यातल्या रसायनाने बायकांचे डोळे गेले, एकीचा जीवही गेला. त्या धक्क्यातून १९३८ चा तिथला प्रसाधनांचा कायदा आला आणि १९४४ मध्ये जॉन ड्रेझ या शास्त्रज्ञाने डोळ्यांवरच्या दाहाची मोजपट्टी तयार केली. पांढरा ससा, मान तेवढी बाहेर राहील असा खोड्यात अडकवलेला. त्याची खालची पापणी ओढून त्यात पदार्थ सोडायचा. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग एका तासाने, चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर तासांनी बघायचं आणि लाली, सूज, स्राव, बुबुळावरचा पांढुरकेपणा यांना गुण द्यायचे. एकूण गुण ११०, त्यातले ८० एकट्या बुबुळाचे. काही चाचण्यांत हे निरीक्षण एकवीस दिवसांपर्यंत चालायचं. ही पद्धत ज्या गरजेतून आली ती गरज खरी होती, हे मान्य करायलाच हवं. माणसांचे डोळे वाचवायचे होते. पण पुढची कित्येक दशकं शॅम्पू, मस्कारा आणि क्रीमच्या प्रत्येक नव्या मिश्रणासाठी तोच खोडा वापरला गेला, तेव्हा ती गरज मागे पडून सवय उरली होती. १९८० मध्ये हेन्री स्पिरा या कार्यकर्त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन कंपनीला सशांच्या डोळ्यांबद्दल थेट प्रश्न विचारला, आणि त्याच वर्षी कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. पर्याय शोधता येतात हे सगळ्यांना माहीत होतं. शोधायला भाग पाडणारं कोणी नव्हतं.

इथे हमखास येणारा आक्षेप सुरक्षिततेचा. प्राण्यांवर तपासलेलं नाही ते नवरीच्या चेहऱ्यावर लावायचं कसं, असं पार्लर चालवणाऱ्या अनुभवी बायकाही विचारतात, आणि हा प्रश्न मनापासूनचा असतो. त्याचं उत्तर असं की सशाचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा नसतो. त्याला तिसरी पापणी असते, तो क्वचित मिचकावतो, अश्रूंनी पदार्थ धुऊन टाकणं त्याला आपल्याइतकं जमत नाही. १९७१ मध्ये वेल आणि स्काला या संशोधकांनी तेच पदार्थ वेगवेगळ्या प्रयोगशाळांना तपासायला दिले, तेव्हा एका ठिकाणी तीव्र दाहक ठरलेला पदार्थ दुसऱ्या ठिकाणी निरुपद्रवी ठरला. आज मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा वापरून दाह तपासता येतो, त्या पद्धती ओईसीडीच्या आंतरराष्ट्रीय चाचणी-नियमांत दाखल आहेत, आणि तशीच डोळ्याच्या बाह्यपटलाची ऊतीही वापरात आहे. माणसाच्या कातडीचा अंदाज माणसाच्या पेशींवरून बांधणं हे सशावरून बांधण्यापेक्षा सरळ आहे. शिवाय आमच्या कामात ज्यांनी खरोखर त्रास होतो त्या बहुतेक वेळा एकेका व्यक्तीच्या ॲलर्जी असतात, आणि त्या कुठल्याही सशाला आधी कळत नाहीत. काळ्या मेंदीत किंवा केसांच्या रंगात असणारं पॅराफिनायलीनडायअमिन एकीला काहीच करत नाही आणि दुसरीच्या हाताला फोड आणतं. ट्रायलच्या दिवशी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस थांबणं हाच त्यावरचा उपाय आहे. तो वेळ काढायचा कंटाळा करायचा आणि सशावरच्या चाचणीचा आधार मागायचा, हे मला मान्य नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज निर्धास्तपणे वापरले जाणारे अनेक जुने घटक सुरक्षित आहेत हे ज्ञान काही अंशी प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांतूनच आलेलं आहे. ते पुसता येत नाही. पण ते हाताशी असताना तोच प्रयोग पुन्हा करायला कारण उरत नाही.

आपल्याकडे कायदा या बाबतीत बऱ्याच जणांना वाटतो त्यापेक्षा पुढे आहे. २०१४ च्या मे महिन्यात भारतात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं आयात करायलाही. युरोपीय संघाने विक्रीवरची बंदी २०१३ च्या मार्चमध्ये पूर्ण केली होती, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. मग एखाद्या देशी काजळाच्या खोक्यावर सशाचं चित्र छापून ‘आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ती कंपनी कायदा पाळते एवढंच ते सांगतं. त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. सशाच्या चित्रांतही फरक आहे. ‘लीपिंग बनी’च्या खुणेमागे कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंतची तपासणी आणि बाहेरच्या परीक्षकाचं ऑडिट असतं. काही खुणा कंपनीच्या लेखी हमीवर मिळतात. काही ससे तर कंपनीच्या चित्रकारानेच काढलेले असतात आणि त्यांच्यामागे कोणतीही संस्था नसते. परदेशी ब्रँडच्या बाबतीत चीनचा मुद्दा निघतो. तिथे आयात होणाऱ्या प्रसाधनांना पूर्वी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. मे २०२१ पासून साध्या प्रसाधनांना अटींवर सूट मिळाली, पण केसांचा रंग, सनस्क्रीन, त्वचा उजळवणारी क्रीम यांसारख्या ‘विशेष’ गटाला ती तशी मिळालेली नाही. एखादी कंपनी ‘कायद्याने भाग पडेल तिथे सोडून’ असं लिहिते, तेव्हा त्या वाक्याचा रोख बहुधा अशाच बाजारांकडे असतो. ते वाक्य दिसलं की ब्रँडला प्रश्न विचारणारी एक ई-मेल पाठवावी. गोलमोल उत्तर आलं तर तेही उत्तरच आहे.

ज्यांना कारागिरीची काळजी आहे त्यांचा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो, आणि तो ब्रशबद्दल असतो. बकरीच्या किंवा खारीच्या केसांचा ब्रश हातात घेतला की त्याचा मऊपणा जाणवतो. खऱ्या केसाच्या पृष्ठभागावर बारीक खवले असतात, त्यांत पावडर धरली जाते आणि गालावर हळूहळू सुटते. जुना सिंथेटिक ब्रश पावडर एका जागी टाकून मोकळा व्हायचा, आणि म्हणून अनुभवी हात त्याला नाकं मुरडायचे. ती तक्रार तेव्हा बरोबर होती. आता तंतूंना लहरी देऊन, टोकं निमुळती करून बनवलेले ब्रश ब्लशरही नीट पसरवतात. तरीही मऊ, सैल पावडरच्या बाबतीत उत्तम बकरी-केसाचा ब्रश अजून अर्धं पाऊल पुढे आहे असं मी म्हणेन. पण आजचं नवरीचं काम पावडरवर चालत नाही. बेस क्रीमचा, कन्सीलर क्रीमचा, कंटूर बहुतेक वेळा क्रीमचा. खरा केस ओलं फाउंडेशन पिऊन घेतो, चेहऱ्यावर कमी आणि ब्रशच्या पोटात जास्त जातं. सिंथेटिक तंतू ते पीत नाही. धुण्याचा हिशेबही बघावा. सकाळी एक नवरी, संध्याकाळी दुसरी, अशा दिवसांत ब्रश लवकर वाळायला हवा. रत्नागिरी-मालवणकडच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत, पावसाळ्यात तर विशेष, खऱ्या केसांचा दाट ब्रश मुळाशी ओला राहतो, वास मारतो आणि केस गाळायला लागतो. नवरीच्या ओल्या बेसवर चिकटलेला तो एक केस काढताना बेसचा जो सत्यानाश होतो तो या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुंगसाच्या केसांचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे, तरी त्या केसांचे ब्रश धाडींत सापडत असतात. ‘नैसर्गिक केस’ एवढंच सांगून स्वस्तात विकला जाणारा ब्रश कुठल्या प्राण्याचा, हे विक्रेता सांगू शकत नसेल तर तो घेऊच नये. खोट्या पापण्यांचंही तसंच. ‘मिंक’ पापण्या विकणारे सांगतात की प्राण्याला नुसतं विंचरून केस घेतले. मिंक हा फरसाठी पिंजऱ्यात पाळला जाणारा प्राणी आहे. त्या पिंजऱ्याबद्दल ते काहीच बोलत नाहीत. आणि हॉलच्या दिव्यांत, फोटोंत, चांगल्या सिंथेटिक पापण्या आणि मिंक यांतला फरक कोणालाही दिसत नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. नवरी पैठणी नेसलेली असते. एका रेशमी साडीसाठी हजारो कोश उकळत्या पाण्यात किंवा वाफेत जातात, आत जिवंत किडा असताना. मग लिपस्टिकमधल्या किड्यांची एवढी काळजी कशाला? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. माझं उत्तर असं आहे की रेशीम कशापासून होतं हे सगळ्यांना माहीत आहे. साडी त्या कुटुंबाने डोळ्यांनी बघून, हाताने चाचपून, जाणून निवडली आहे. ज्यांना ती नको असते ते सुती किंवा कृत्रिम धाग्याची घेतात. लिपस्टिकबद्दल त्यांना काहीच माहीत नाही, आणि ती त्यांनी निवडलेली नाही, मी निवडली आहे. साडीचा निर्णय त्यांचा, किटचा माझा. माझ्या हातात आहे तेवढ्याचं उत्तर मी द्यावं. दुसऱ्याच्या साडीकडे बोट दाखवून ते चुकवता येत नाही. मेणाच्या बाबतीत हेच थोडं वेगळ्या अंगाने येतं. आपल्या आज्या-पणज्या कपाळाला आधी मेण लावून त्यावर पिंजर रेखायच्या, आणि ते मेण मधाच्या पोळ्याचं असायचं हे त्यांना माहीत होतं. आजही लिपबाम, काजळ, मस्कारा यांत मधमाशीचं मेण सर्रास असतं. मी स्वतः यात पायऱ्या मानते. प्राण्याला यातना देऊन केलेली चाचणी सर्वांत आधी बंद व्हावी. मग ज्यासाठी जीव घ्यावा लागतो तो घटक जावा: कार्माइन, शार्कच्या यकृतातलं स्क्वालीन, साबणातली चरबी. जिवंत प्राण्याकडून घेतलेलं मेण किंवा मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन हे त्यानंतर. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी कार्नोबा किंवा कँडेलिला या वनस्पतींच्या मेणाची उत्पादनं मिळतात. पण विचारणाऱ्या ग्राहकाला ‘चाचणी नाही’ आणि ‘प्राणिजन्य घटक नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगितलंच पाहिजे. एकीच्या नावाखाली दुसरी खपवणं ही फसवणूक आहे.

अशीच गल्लत ‘नैसर्गिक’ या बाबतीत होते. कार्माइन पूर्णपणे नैसर्गिक आहे. त्याच्या जागी येणारे लाल रंग, उदाहरणार्थ ‘सीआय १५८५०’, पेट्रोलियमपासून बनतात, आणि लोह-ऑक्साइड खनिजाच्या जातीचे असले तरी कारखान्यात तयार होतात. मग प्राणी वाचवायला रसायन लावायचं का, असं विचारणारे भेटतात. हो, लावायचं. हे रंग परवानगीच्या यादीतले असतात, त्यांची शुद्धता ठरवून दिलेली असते, आणि नवरीचा गडद लाल, मरून, विटकरी, सगळं त्यांतून उत्तम साधतं. कार्माइनची थोडी निळसर झाक असलेली गुलाबी छटा तंतोतंत हवी असेल तर दोन रंग मिसळावे लागतात. मिसळणं हेच तर आमचं काम. कार्माइनची ॲलर्जी असणारी माणसंही असतात, आणि म्हणूनच अमेरिकेत २०११ पासून त्याचं नाव लेबलवर स्पष्ट लिहिणं सक्तीचं आहे. महागाईची तक्रारही मी पूर्ण मान्य करत नाही. सिंथेटिक ब्रश खऱ्या केसांच्या ब्रशपेक्षा स्वस्त पडतो, आणि एका चेहऱ्याला लागणारी लिपस्टिक इतकी कमी असते की पॅकेजच्या हिशेबात तिची किंमत जाणवतही नाही. खरा धोका नकली मालाचा आहे. नामवंत ब्रँडची हुबेहूब खोकी निम्म्या-पाव किमतीत मिळतात, त्यांवर उत्पादन परवान्याचा किंवा आयात नोंदणीचा क्रमांक नसतो, असला तर खोटा असतो. त्या डबीत काय आहे आणि कशावर तपासलं आहे, हे कोणीच सांगू शकत नाही.

आणि एक गोष्ट अशी, जी सशाच्या कोणत्याही खुणेत येत नाही. हायलायटर, आयशॅडो, बॉडी शिमर यांतली चमक अभ्रकाची असते. लेबलवर ती ‘मायका’ किंवा ‘सीआय ७७०१९’ म्हणून दिसते. त्यातलं कितीतरी अभ्रक झारखंडच्या कोडरमा, गिरिडीह आणि बिहारच्या नवादा भागातल्या बेकायदा खाणींतून येतं, जिथे मुलं हातोडी आणि टोपली घेऊन अरुंद भुयारांत उतरतात. थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने २०१६ मध्ये केलेल्या तपासात अवघ्या दोन महिन्यांत किमान सात मुलं अशा खाणींत दगावल्याचं आणि ते दडपलं गेल्याचं समोर आलं. त्यानंतर कंपन्यांनी २०१७ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ उभं केलं. हे पुरेसं आहे असं मला वाटत नाही. सशाचे डोळे वाचवणारं पॅलेट मुलांच्या जिवावर चमकत असेल, तर ते छळमुक्त म्हणून विकताना माझी जीभ अडखळेल. पर्याय इथेही आहे. लेबलवर ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ लिहिलेलं असेल तर ते कारखान्यात बनवलेलं अभ्रक. त्याची चमक जास्त स्वच्छ असते, आणि एचडी कॅमेऱ्यासमोर ते उलट चांगलं दिसतं.

बदल करायचा म्हणजे असलेलं किट कचऱ्यात ओतायचं, असं नाही. उघडलेली वस्तू संपेपर्यंत वापरावी. जे प्राणी त्यात गेले ते फेकण्याने परत येत नाहीत, आणि नव्या खरेदीचा भार मात्र वाढतो. मस्कारा तसाही तीन-चार महिन्यांत बदलावा लागतो, म्हणून सुरुवात तिथून सोपी. मग लिपस्टिकचं पॅलेट, मग ब्रश जसे झिजतील तसे, मग स्किन प्रेपमधली क्रीम. कोलॅजन, केराटिन, गोगलगायीचा स्राव असलेली कोरियन सीरम यांची लेबलं तेवढ्यात वाचून होतात. पुण्यातल्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ या संस्थेने १९७४ पासून प्राणिजन्य घटकांची माहिती गोळा करून लोकांपुढे ठेवली आहे. मेकअपच्या क्लासमध्ये मात्र कट-क्रीज आणि कंटूर शिकवण्यात आठवडे जातात आणि खोक्याची मागची बाजू वाचायला एक तासही मिळत नाही. तो तास अभ्यासक्रमात यावा, एवढी मागणी क्लास चालवणाऱ्यांकडे करायला हरकत नाही. क्रॉफर्ड मार्केटमधले किंवा पुण्यातल्या बोहरी आळीतले घाऊक विक्रेते आम्ही मागू तेच मागवतात. एकटी नवरी जाऊन ‘यात कार्माइन आहे का’ म्हणून विचारेल तर तिला हसून वाटेला लावतील. दर महिन्याला डझनाने लिपस्टिक उचलणारी वीस-पंचवीस माणसं तेच विचारायला लागली, की पुढच्या खेपेला दुकानदार आपणच यादी घेऊन बसतो.